दिलावरची टॅक्सी, बग्राम आणि हुकूम कुणाचा होता हा प्रश्न

सांजवारा

दिलावर २२ वर्षांचा होता. अफगाणिस्तानच्या खोस्त प्रांतातल्या याकुबी गावचा. घरची भुईमुगाची शेती, लग्न झालेलं, एक लहान मुलगी. टॅक्सी म्हणून चालवायला घरच्यांनी त्याला एक जुनी टोयोटा घेऊन दिली होती, त्याला काही आठवडेच झाले होते. डिसेंबर २००२, ईद आलेली. आईने सांगितलं होतं, तिघी बहिणींना सणाला घेऊन ये. पेट्रोलला पैसे हवेत म्हणून तो आधी खोस्त शहरात भाडं बघायला गेला. येताना तीन प्रवासी मिळाले. कॅम्प सालेर्नो या अमेरिकन तळापाशी अफगाण पहारेकऱ्यांनी गाडी अडवली, कारण त्या सकाळी तळावर रॉकेट पडली होती. डिकीत विजेचा स्टॅबिलायझर निघाला, एका प्रवाशाकडे मोडका वॉकीटॉकी. तेवढ्यावर चौघांना अमेरिकनांच्या ताब्यात दिलं. ५ डिसेंबरला दिलावर बग्रामच्या छावणीत पोचला आणि १० डिसेंबरला तिथेच मेला.

'टॅक्सी टू द डार्क साइड' हा ॲलेक्स गिबनी यांचा २००७ चा माहितीपट या पाच दिवसांपासून सुरू होतो. २००८ साली त्याला सर्वोत्कृष्ट माहितीपटाचं ऑस्कर मिळालं. मराठीत त्यावर फारसं बोललं गेलेलं माझ्या वाचनात नाही, म्हणून हा धागा.

माहितीपट फक्त बग्रामवर थांबत नाही. तिथून तो इराकमधल्या अबू ग्रैबच्या तुरुंगात जातो, क्यूबामधल्या ग्वांतानामोच्या अमेरिकन कैदी छावणीत जातो आणि शेवटी वॉशिंग्टनमधल्या कचेऱ्यांत पोचतो. पण दर थोड्या वेळाने दिलावरकडे परत येतो. मला ही मांडणी फार महत्त्वाची वाटते. 'कैद्यांचा छळ' म्हटलं की डोळ्यांपुढे बुरखे घातलेली, नाव नसलेली माणसं येतात. इथे एका माणसाला नाव आहे, गाव आहे, गाडी आहे, भाऊ आहे. पुढची सगळी कलमं आणि परिपत्रकं आपण त्या एका माणसाच्या शरीरावर ताडून बघतो.

सगळ्यात जास्त हललो ते दुसऱ्याच गोष्टीने. दिलावरला ज्यांनी मारलं, ज्यांनी त्याची चौकशी केली, त्यांच्यातलेच काही जण कॅमेऱ्यासमोर बसून बोलतात. ऐन विशीतली मुलं. पहारेकरी ओहायोमधल्या राखीव दलातले, चौकशी करणाऱ्यांपैकी अनेकांनी त्याआधी खऱ्या कैद्याची चौकशी कधी केलेलीच नव्हती. दिलावरचे हात साखळीने छताच्या जाळीला बांधून ठेवले होते, तो झोपू नये म्हणून. ओरडला की मांडीवर गुडघ्याने तडाखा. तो 'अल्ला' म्हणून किंचाळतो हे ऐकायला आणखी पहारेकरी येऊन तडाखे देऊन जायचे. एका पहारेकऱ्याने लष्करी तपासात सांगितलं की २४ तासांत असे शंभरावर तडाखे बसले असतील. आणि शेवटच्या चौकशीपर्यंत बहुतेक चौकशी अधिकाऱ्यांची खात्री पटली होती की हा माणूस निर्दोष आहे.

आता मला जे म्हणायचं आहे ते. 'काही नासकी पोरं' हे उत्तर तेव्हा सरकारने दिलं. माहितीपट बघून माझं मत पक्कं झालं की इथे हुकूम संदिग्ध ठेवणं हीच हुकूम देण्याची पद्धत होती. तारखा बघा. ७ फेब्रुवारी २००२ ला राष्ट्राध्यक्ष बुश यांनी लेखी ठरवलं की अल-कायदाच्या कैद्यांना जिनिव्हा करार लागू नाहीत आणि तालिबानींना युद्धकैदी मानलं जाणार नाही. वागणूक 'माणुसकीची' असावी, पण 'लष्करी गरजेला धरून'. ऑगस्ट २००२ मध्ये न्याय खात्याच्या वकिलांनी एका टिपणात छळाची व्याख्या इतकी आवळली की एखादा अवयव निकामी होण्याइतकी किंवा मरणाइतकी वेदना असेल तरच तो छळ. २ डिसेंबर २००२ ला संरक्षणमंत्री रम्सफेल्ड यांनी ग्वांतानामोसाठी कठोर पद्धतींच्या यादीवर सही केली. खाली हाताने लिहिलं की मी दिवसातून ८ ते १० तास उभा असतो, मग कैद्यांना उभं ठेवायची मर्यादा ४ तासच का? त्या सहीनंतर आठ दिवसांनी दिलावर उभ्या साखळदंडात ठेवल्यानंतर मेला. यादी बग्रामसाठी नव्हती हे खरं. पण खालच्या शिपायापर्यंत यादी पोचायची गरजच नव्हती, वारा कुठून वाहतोय ते त्याला कळत होतं.

ज्यांनी बघितला आहे त्यांनी लिहा. न बघितलेल्यांनीही लिहा.

मुक्ताई

बघितला आहे. अर्ध्यात बंद करून दुसऱ्या दिवशी पूर्ण केला.

एक गोष्ट सतत खटकत राहिली. अबू ग्रैबचे ते फोटो. नग्न माणसांचे ढीग, गळ्यात पट्टा बांधलेला कैदी. माहितीपटात ते पुन्हा पुन्हा येतात. त्या माणसांची बेअब्रू करण्यासाठीच ते फोटो काढले होते, म्हणजे आपण बघतो तेव्हा ती बेअब्रू पुढे चालूच राहते ना? तिसऱ्या जिनिव्हा करारातल्या १३व्या कलमात युद्धकैद्यांना लोकांच्या कुतूहलापासूनही संरक्षण दिलं आहे. त्यातल्या एकालाही कुणी विचारलं नसणार की बाबा, तुझा हा फोटो जगभर दाखवू का.

पाणवठा

मुक्ताई, तुमचं म्हणणं मनाला लागलं. पण घटना कोणत्या क्रमाने घडल्या तेही बघा. आंतरराष्ट्रीय रेड क्रॉसचे लोक ऑक्टोबर २००३ मध्ये अबू ग्रैबमध्ये जाऊन आले होते, जे दिसलं ते त्यांनी अमेरिकन अधिकाऱ्यांना कळवलं होतं. ढिम्म. जानेवारी २००४ मध्ये ज्यो डार्बी या शिपायाने फोटोंची सीडी तपास विभागाकडे दिली तेव्हा चौकशी सुरू झाली, आणि एप्रिलच्या शेवटी सीबीएस या अमेरिकन वाहिनीने फोटो दाखवले तेव्हा कुठे जग हललं. शब्दांत लिहिलेले अहवाल कपाटात राहिले. फोटो दाबता आले नाहीत.

चेहरे झाकून दाखवावेत हे मात्र शंभर टक्के मान्य.

शल्यकर्मी

मी वैद्यकीय क्षेत्रात आहे, म्हणून त्या शवविच्छेदनाबद्दल थोडं विस्ताराने लिहितो. सामान्य प्रेक्षकाच्या नजरेतून हा भाग निसटू शकतो.

मांडीवर किंवा गुडघ्याच्या वरच्या बाजूला बाहेरून गुडघा मारणं ही पोलिसांना शिकवली जाणारी क्लृप्ती आहे. तिथून एक मज्जातंतू जातो. एक नेमका तडाखा बसला की पाय काही क्षण लुळा पडतो आणि झटापट करणारा माणूस खाली बसतो. हा एकदा वापरायचा उपाय आहे, तोही अंगावर येणाऱ्या माणसावर. तोच तडाखा हात वर बांधलेल्या, हलू न शकणाऱ्या, जेमतेम ५५ किलोच्या माणसाला दिवसभर देत राहिलं तर स्नायू आतून चेचले जातात. शवविच्छेदन करणाऱ्या लष्करी डॉक्टरांनी साक्षीत सांगितलं की पायांच्या ऊतींचा अक्षरशः लगदा झाला होता आणि अशा जखमा त्यांनी बसखाली सापडलेल्या माणसाच्या अंगावर पाहिल्या होत्या.

दिलावरच्या आधी काही दिवस तिथेच हबीबुल्ला नावाचा कैदी मेला होता. त्याच्या फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकली होती, आणि ती पायांवरच्या माराने तयार झालेली असावी असा निष्कर्ष होता. म्हणजे एकाच छावणीत, एकाच आठवड्यात, एकाच पद्धतीच्या माराने दोन मृत्यू. पहिल्या मृत्यूनंतर कुठल्याही जबाबदार डॉक्टरने किंवा अधिकाऱ्याने 'पायांवर मारणं आजपासून बंद' एवढं एक वाक्य बोललं असतं, तर दिलावर वाचला असता. मला सगळ्यात जास्त राग याचा येतो.

आणि डॉक्टरांनी आपलं काम चोख केलं हेही नोंदवायला हवं. लष्कराच्या प्रवक्त्यांनी मृत्यू नैसर्गिक असल्याचं सांगितलं होतं. पण मृत्यूच्या दाखल्यावर लष्कराच्याच डॉक्टरांनी स्पष्ट लिहिलं होतं की हा मनुष्यवध आहे. तो दाखला इंग्रजीत होता, घरच्यांना वाचताच येत नव्हता. न्यूयॉर्क टाइम्सच्या कार्लोटा गॉल त्या कुटुंबाला शोधत याकुबीला गेल्या, तेव्हा दिलावरच्या भावाने तो कागद त्यांच्या हातात ठेवला. मार्च २००३ मध्ये बातमी आली ती त्या कागदामुळे.

मुक्ताई

तो कागद घरात होता आणि त्यात काय लिहिलंय ते कुणालाच कळत नव्हतं, हे वाचून सुन्न झाले.

उत्तरवाट

जरा वेगळं मत मांडतो, राग मानू नका.

११ सप्टेंबर २००१ ला एका सकाळी सुमारे ३,००० माणसं मारली गेली. त्यानंतरचे महिने आठवा. पुढचा हल्ला कधी, कुठे, कशाने होणार हे कुणालाच माहीत नव्हतं. ज्यांच्यावर देशाच्या सुरक्षेची जबाबदारी होती त्यांनी माहिती मिळवण्यासाठी कडक मार्ग धरले, तर आज आपण आरामात बसून त्यांना गुन्हेगार ठरवणं मला पटत नाही. दिलावरचं झालं ते भयंकर झालं, निर्दोष माणूस मेला, त्याची शिक्षा व्हायलाच हवी. पण त्यावरून कडक चौकशीच मुळात चूक, हा निष्कर्ष कसा काढता येईल? एखाद्याच्या तोंडून मिळालेल्या एका पत्त्याने शेकडो जीव वाचणार असतील तर?

सांजवारा

उत्तरवाट, राग कशाला. हा प्रश्न माहितीपटही टाळत नाही, आणि त्याला नुसत्या भावनेने उत्तर देऊन भागणार नाही.

इब्न अल-शेख अल-लिबी या कैद्याचं प्रकरण त्यात आहे. पकडल्यावर सुरुवातीला एफबीआयचे लोक त्याच्याशी बोलत होते. मग सीआयएने त्याला ताब्यात घेऊन इजिप्तला पाठवलं. तिथे छळ झाल्यावर त्याने सांगितलं की सद्दामच्या इराकने अल-कायदाच्या लोकांना रासायनिक आणि जैविक अस्त्रांचं प्रशिक्षण दिलं. ५ फेब्रुवारी २००३ ला परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी संयुक्त राष्ट्रांत इराकविरुद्ध भाषण केलं, त्यात हीच कबुली पुरावा म्हणून मांडली, त्याचं नाव न घेता. पुढच्या महिन्यात युद्ध. नंतर अल-लिबीने सांगितलं की मार थांबावा म्हणून मी ते रचून सांगितलं. २००४ मध्ये सीआयएने त्याच्या जबानीवर आधारलेले अहवाल मागे घेतले.

तुम्ही शेकडो जीव वाचवणाऱ्या पत्त्याचं उदाहरण दिलंत. इतिहासात नोंदलेलं उदाहरण हे आहे, एका खोट्या कबुलीचा वापर एका अख्ख्या युद्धाच्या समर्थनासाठी झाला. मार खाणारा माणूस मारणाऱ्याला जे हवं तेच देतो. मारणाऱ्याला आधीच ठरवलेलं उत्तर हवं असेल तर तेच उत्तर मिळतं.

आणखी एक. माहितीपटाच्या शेवटी दिग्दर्शकाचे वडील बोलतात, फ्रँक गिबनी. दुसऱ्या महायुद्धात ते अमेरिकन नौदलात जपानी युद्धकैद्यांची चौकशी करायचे. तो शत्रू जीव देईल पण बोलणार नाही अशी ख्याती होती. त्यांचा अनुभव असा की सन्मानाने वागवलं, त्यांच्या भाषेत बोललं, की माणसं बोलायची. म्हातारपणी, आजारी असताना, ते आपल्याच देशाचं जे झालं त्याबद्दल संतापाने बोलतात. त्यानंतर थोड्याच काळाने ते गेले. मला तो भाग पूर्ण माहितीपटाचा कणा वाटतो.

जुना_गडी

आयुष्याची बरीच वर्षं गणवेशात काढली आहेत. कुठल्या दलात, कुठे, ते इथे महत्त्वाचं नाही. पण कैदी सांभाळणं म्हणजे काय ते मी आतून पाहिलं आहे.

सैनिकाला राग येतोच. काल शेजारी झोपणारा सोबती आज नसतो, आणि ज्यांच्या बाजूने गोळी आली त्या बाजूचा माणूस आज तुमच्यासमोर हात बांधून उभा असतो. तो राग आवरणं एकट्या शिपायावर सोडायचं नसतं. म्हणूनच शिस्तीच्या सैन्यात कैदी पकडणारा वेगळा, पहारा देणारा वेगळा आणि प्रश्न विचारणारा वेगळा असतो. पहारेकऱ्याचं काम एवढंच, कैदी पळू नये आणि कैद्याला काही होऊ नये. कैदी काय बोलला याच्याशी त्याचा संबंध नसावा.

अबू ग्रैबला हीच भिंत पाडली. २००३ च्या उन्हाळ्याच्या शेवटी ग्वांतानामोचे प्रमुख मेजर जनरल जेफ्री मिलर इराकला गेले आणि त्यांनी शिफारस केली की पहारेकऱ्यांनी चौकशीसाठी कैद्यांची 'पूर्वतयारी' करून द्यावी. मेजर जनरल अँटोनियो टागुबा यांनी पुढे जो तपास केला त्यात याच गोष्टीवर बोट ठेवलं आहे, लष्करी पोलिसांना चौकशीच्या कामात ओढणं नियमाविरुद्ध होतं. रात्रपाळीच्या पहारेकऱ्याला 'याला जरा मऊ करून ठेव' असं सांगितलं आणि कसं ते सांगितलं नाही, तर पुढे काय होणार हे ठाऊक नसलेला अधिकारी अधिकारी व्हायच्या लायकीचा नाही.

बग्रामच्या चौकशी तुकडीतलीच मंडळी नंतर अबू ग्रैबला गेली, बग्रामला चौकशीची प्रमुख असलेली अधिकारीच तिथेही चौकशीची प्रमुख. दोन मृत्यूंचा तपास चालू असताना. माझ्या सेवेत एखाद्याच्या हाताखाली कैदी मेला असता तर तपास संपेपर्यंत त्याला साध्या भांडारघराची किल्ली मिळाली नसती.

पाणवठा

जुना_गडी, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. धन्यवाद.

पण सांजवारा यांच्या मूळ मुद्द्यात मला एक धोका दिसतो. सगळा दोष वरच्यांच्या संदिग्ध हुकमावर टाकला की खालचा माणूस आपोआप सुटतो. स्टॅनफर्डचा १९७१ चा तुरुंगाचा प्रयोग, ज्यात विद्यार्थ्यांनाच पहारेकरी आणि कैदी बनवलं होतं, अशा वेळी नेहमी पुढे केला जातो. तो करणारे मानसशास्त्रज्ञ झिंबार्डो अबू ग्रैबच्या एका आरोपीच्या बाजूने साक्षीलाही उभे राहिले होते. परिस्थितीच माणसाला राक्षस बनवते असा त्यांचा रोख. त्या प्रयोगावर पुढे बरेच गंभीर आक्षेप घेतले गेले, त्यातला एक असा की पहारेकऱ्यांना कठोर वागण्याच्या सूचना आधीच दिल्या होत्या.

त्याच परिस्थितीत वेगळी वागलेली माणसं होती, हे विसरून कसं चालेल? डार्बी त्याच तुकडीतला. त्याने सीडी दिली, नाव गुप्त ठेवण्याचं आश्वासन होतं, आणि रम्सफेल्ड यांनी संसदीय समितीसमोर जाहीरपणे त्याचं नाव घेतलं. त्याला आपल्या गावी परत राहता आलं नाही. कॅप्टन इयन फिशबॅक. कैद्यांशी वागायचे नियम नेमके काय आहेत हे तो दीड वर्ष वरिष्ठांना विचारत राहिला, उत्तर मिळालं नाही, तेव्हा सप्टेंबर २००५ मध्ये त्याने सिनेटर मॅकेन यांना पत्र लिहिलं. नौदलाचे मुख्य कायदेविषयक सल्लागार अल्बर्टो मोरा माहितीपटात आहेत. त्यांनी ठणकावलं की हे मागे घ्या, नाहीतर माझा आक्षेप लेखी नोंदवतो. जानेवारी २००३ मध्ये रम्सफेल्डनी ती यादी मागे घेतली. शिपाई, कॅप्टन, कायदेशीर सल्लागार, तिन्ही पायऱ्यांवर कुणीतरी 'नाही' म्हणालं.

सांजवारा

मान्य. खालच्याला सोडा असं माझं म्हणणं नाही. ज्याने साखळी बांधली त्याचा तो गुन्हा आहेच. माझी तक्रार इतकीच की हिशेब तिथेच मिटवला गेला. आणि फिशबॅकची गोष्ट माझ्या मुद्द्याला बळच देते. एक प्रामाणिक अधिकारी दीड वर्ष विचारतोय 'नियम काय आहे' आणि अख्ख्या लष्करात त्याला उत्तर द्यायला कुणी नाही. तो मौनाचा काळ कुणाच्या सोयीचा होता?

रानजाई

मला एवढंच विचारायचं आहे, त्या टॅक्सीतल्या तीन प्रवाशांचं काय झालं?

सांजवारा

तिघांना बग्रामहून ग्वांतानामोला पाठवलं. मार्च २००४ मध्ये सोडलं. त्यांच्यावर कुठलाही आरोप सिद्ध झाला नाही. ज्या अफगाण कमांडरने या चौघांना पकडून दिलं होतं, त्याच्यावरच पुढे संशय आला की तो स्वतःच तळावर रॉकेट टाकवत होता आणि निरपराध माणसं 'हल्लेखोर' म्हणून सोपवून अमेरिकनांचा विश्वास कमावत होता.

ही एकट्या दिलावरची गोष्ट नव्हती. ग्वांतानामोतले बहुसंख्य कैदी अमेरिकन सैनिकांनी स्वतः पकडलेलेच नव्हते. ते अफगाण गटांनी किंवा पाकिस्तानने सोपवलेले होते, आणि अमेरिकन विमानं बक्षिसाची पत्रकं टाकत होती.

उत्तरवाट

अल-लिबीचं प्रकरण मला माहीत नव्हतं. वाचून काढतो. पकडून देणाऱ्याला पैसे मिळत असतील तर पकडलेला माणूस कोण आहे हेच मुळात ठरत नाही, हा मुद्दा मला छळाच्या मुद्द्याइतकाच गंभीर वाटतो. माझं मत पूर्ण बदललं असं म्हणणार नाही, पण 'कडक चौकशी' म्हणताना मी गृहीत धरत होतो की समोरचा माणूस खरोखर दहशतवादी आहे.

शेवटी शिक्षा कुणाला काय झाल्या?

शल्यकर्मी

बग्रामच्या दोन मृत्यूंसाठी काही शिपायांवर खटले झाले. काही सुटले, काहींची पदावनती झाली, सगळ्यात मोठी कैद पाच महिन्यांची. पहारेकरी तुकडीच्या कॅप्टनवरचे आरोप काढून टाकले. अबू ग्रैबच्या प्रकरणात ११ शिपाई दोषी ठरले, त्यातल्या म्होरक्याला १० वर्षांची शिक्षा झाली, साडेसहा वर्षांनी तो बाहेर आला. तुरुंगाच्या प्रमुख ब्रिगेडियर जनरल कार्पिन्स्की यांना कर्नल केलं. धोरण ठरवणारं वरचं कुणीही न्यायालयात उभं राहिलं नाही. छळाच्या व्याख्येच्या त्या टिपणावर सही करणारे बायबी न्यायाधीश झाले, ते लिहिणारे वकील जॉन यू परत विद्यापीठात कायदा शिकवायला गेले.

जुना_गडी

त्यात हेही जोडा. जून २००६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हमदान या ग्वांतानामोतल्या कैद्याच्या खटल्यात सांगितलं की जिनिव्हा करारांचं सामायिक तिसरं कलम या कैद्यांनाही लागू आहे. म्हणजे क्रूर आणि अपमानास्पद वागणूक बेकायदा. त्यानंतर काही महिन्यांतच अमेरिकन संसदेने लष्करी आयोग कायदा केला आणि युद्धगुन्ह्यांच्या कायद्यातली व्याख्या पूर्वलक्षी प्रभावाने अरुंद केली. आधी जे करून झालं होतं त्यावर खटला चालू नये म्हणून.

रानजाई

मग आज तरी यावर बंदी आहे का? की पुन्हा असंच होऊ शकतं?

सांजवारा

कागदावर बंदी आहे. २००५ मध्ये मॅकेन यांची दुरुस्ती सिनेटने ९० विरुद्ध ९ मतांनी मंजूर केली. ते स्वतः व्हिएतनाममध्ये साडेपाच वर्षं युद्धकैदी होते, छळ सोसलेले, म्हणून त्यांच्या शब्दाला वजन होतं. पण ती लष्करापुरती नेमकी होती, सीआयएला पळवाट राहिली. २००९ मध्ये ओबामांनी आदेश काढून ती बुजवली. डिसेंबर २०१४ मध्ये सिनेटच्या गुप्तचर समितीच्या अहवालाचा सारांश आला, त्यात सीआयएच्या या पद्धतींनी उपयुक्त माहिती मिळाली नाही असा निष्कर्ष होता. २०१५ मध्ये कायदाच झाला, कुठल्याही सरकारी यंत्रणेने लष्कराच्या चौकशी नियमावलीबाहेरच्या पद्धती वापरायच्या नाहीत आणि ताब्यातल्या माणसांची खबर रेड क्रॉसला तातडीने द्यायची.

तरी तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला मी 'होऊ शकत नाही' म्हणणार नाही. छळाला बंदी २००२ मध्येही होती. अमेरिकेने छळविरोधी करार १९९४ मध्ये मान्य केला होता, लष्कराची नियमावली होती. वकिलांनी टिपण लिहून ती सगळी बाजूला सारली. आणि त्या टिपणासाठी कुणाला शिक्षा झालेली नाही.